कंत्राटी कामासाठी प्रोग्रामिंगची भाषा कशी निवडावी

प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकावी, या प्रश्नाचे नोकरीच्या बाजारातले उत्तर आणि कंत्राटी कामाच्या बाजारातले उत्तर एक नसते. नोकरी देणारी कंपनी माणूस घेते, त्याला दोन-तीन महिने शिकू देते आणि प्रसंगी प्रकल्प नसताना बेंचवर बसवून पगारही देते. कंत्राट देणारा मात्र येत्या पंधरवड्यात काम सुरू व्हावे या हिशेबाने माणूस शोधत असतो आणि त्याच्या शिकण्याचा खर्च तो उचलत नाही. म्हणून लोकप्रियतेच्या याद्यांमध्ये वर असलेली भाषा कंत्राटासाठीही वरचढ ठरेल, असे गृहीत धरू नये. ज्या भाषेत आज कोणाचे तरी काम अडलेले आहे आणि ते काम आपल्या आजवरच्या अनुभवाला लागून आहे, ती भाषा निवडावी. पुढील मार्गदर्शन मुख्यतः तीन ते दहा वर्षे नोकरी केलेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना थेट कंत्राट क्वचितच मिळते आणि त्यांनी आधी एखाद्या चांगल्या संघात दोन वर्षे काढावीत, हे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कंत्राटाचा प्रकार ठरवा

कंत्राटी काम या एकाच नावाखाली तीन निरनिराळे बाजार आहेत आणि प्रत्येकाची भाषांची निवड निराळी आहे. पहिला बाजार व्हेंडरचा, म्हणजे कंपन्यांना माणसे पुरवणाऱ्या मध्यस्थाचा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा नवी मुंबईतील ऐरोली येथील मोठ्या कंपन्या व बहुराष्ट्रीय बँकांची तंत्रज्ञान केंद्रे सहा महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी माणसे घेतात. माणूस व्हेंडरच्या पेरोलवर राहतो, काम क्लायंटचे करतो, आणि मुदत संपत आली की तिची वाढ होते किंवा होत नाही. येथे जावा, सी शार्प, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), अबाप (सॅप या व्यवसाय-प्रणालीची भाषा) आणि जावास्क्रिप्टच्या मोठ्या फ्रेमवर्कना (प्रोग्रामच्या तयार सांगाड्यांना) मागणी असते, कारण या संस्थांच्या मूळ प्रणालीच त्यांत लिहिलेल्या आहेत.

दुसरा बाजार अपवर्कसारख्या, ऑनलाइन कामे मिळवून देणाऱ्या मंचांचा. काम लहान, क्लायंट बहुधा परदेशातला, आणि बोली लावणारे जगभरातले. पीएचपी, जावास्क्रिप्ट, पायथनमधील छोट्या स्क्रिप्ट, दुकानांची संकेतस्थळे अशी कामे येथे मिळतात. एआयची साधने आल्यापासून एखादा फॉर्म दुरुस्त करून देणे किंवा एका फाइलमधील माहिती दुसरीत भरणारी स्क्रिप्ट लिहिणे, अशी कामे क्लायंट स्वतःच करून पाहू लागला आहे. त्यामुळे केवळ अशा तुकड्यांच्या भरवशावर नवी भाषा शिकू नये.

तिसरा बाजार थेट ग्राहकाचा, आणि त्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही. चाकणचा सुट्या भागांचा पुरवठादार, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला कारखानदार किंवा कोल्हापूरचा फाउंड्रीवाला, यांपैकी कोणीही भाषेचे नाव विचारत नाही. गोदामातला साठा मोबाइलवर दिसावा, टॅलीतली नोंद दोनदा करावी लागू नये आणि बिघाड झाल्यास फोनवर माणूस सापडावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. येथे भाषा आपण निवडतो. ती अशी निवडावी की सर्व्हरचे भाडे कमी लागेल आणि उद्या आपण आजारी पडलो तर गावातला दुसरा कोणी काम पुढे नेऊ शकेल. पीएचपीतले लारावेल, पायथनमधले जँगो (दोन्ही फ्रेमवर्क) किंवा सी शार्प यांपैकी जे आपल्याला अधिक येते ते पुरेसे आहे. रस्ट या कमी जणांना येणाऱ्या भाषेत लिहिलेली साठा-नोंदवही कितीही वेगवान असली, तरी कारखानदाराच्या दृष्टीने ती एका माणसावर अवलंबून राहण्याची जोखीम ठरते.

जाहिराती वाचण्याची रीत

प्रकार ठरल्यावर, एखादा अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी, दोन-तीन आठवडे केवळ जाहिराती गोळा कराव्यात. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन येथे आपले शहर, आपला अनुभव आणि ‘कॉन्ट्रॅक्ट’ अथवा ‘सीटूएच’ (आधी कंत्राट, मग नोकरी) असा शोध लावून चाळीस-पन्नास जाहिराती एका एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्यात. स्तंभ असे असावेत: भाषा, तिची आवृत्ती, फ्रेमवर्क, डेटाबेस, क्लाउड, उद्योगक्षेत्र, मुदत, रुजू होण्याचा अवधी आणि जाहिरात देणाऱ्याचे नाव. शेवटचा स्तंभ महत्त्वाचा आहे. एकाच क्लायंटची एकच मागणी अनेक व्हेंडर एकाच वेळी फिरवतात. मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा असतो, कधी स्पेलिंगची चूकदेखील तीच असते. अशा पाच जाहिराती दिसल्या की पाच जागा आहेत असा समज होतो, प्रत्यक्षात जागा एकच असते. ती एकदाच मोजावी, नाहीतर सगळा हिशेब फुगतो.

आता एक नमुना पाहू. व्हेंडरकडून येणारी जाहिरात साधारण अशी असते: ‘जावा १७, स्प्रिंग बूट, काफ्का, ओरॅकल, ६ ते ९ वर्षे, पेमेंट्स क्षेत्राचा अनुभव असल्यास प्राधान्य, मुदत ६ महिने, वाढू शकेल, खराडी, आठवड्यातून तीन दिवस कार्यालय, १५ दिवसांत रुजू होणारेच हवेत.’ यातला ‘जावा’ हा शब्द सर्वांत कमी माहिती देतो, कारण जावा येणारे पुण्यात हजारोंनी आहेत. ‘१७’ या आकड्यावरून कळते की प्रणाली जुन्या आवृत्तीवरून नुकतीच वर आणली आहे किंवा आणली जात आहे. काफ्का (प्रणालींमध्ये संदेश पोचवणारे साधन) आणि पेमेंट्स हे दोन शब्द उमेदवारांची खरी चाळणी करतात. मुलाखतीत प्रश्न येणार ते एकच संदेश दोनदा आला तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा कसे जाणार नाहीत, या स्वरूपाचे. ‘१५ दिवस’ ही अट नोकरीत असलेल्यांना बाहेर ठेवते, कारण त्यांचा नोटीस पीरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. आणि ‘६ महिने’ याचा अर्थ क्लायंटकडे तेवढेच पैसे मंजूर झाले आहेत, त्यापुढचे काही ठरलेले नाही.

पन्नास जाहिराती अशा वाचून झाल्यावर आपल्या प्रश्नाचे रूपच बदलते. जावा की पायथन, हा प्रश्न मागे पडतो आणि मला पेमेंट्स येते, ओरॅकल येते, मग काफ्का आणि नवी जावा जोडून घेतली तर यांपैकी किती जागांसाठी मी उभा राहू शकतो, असा नेमका प्रश्न हाती येतो. महिनाभर हलत नसलेली जाहिरात दिसली, तर व्हेंडरच्या रिक्रूटरला सरळ फोन करून कारण विचारावे. रेट कमी आहे की माणसे मिळत नाहीत, हे तो बहुधा सांगतो, आणि या दोन उत्तरांतला फरक आपल्यासाठी फार मोलाचा असतो.

मुदती जिथे संपतात, तिथे कंत्राटे निघतात

कंपन्या कायम माणसे सोडून तात्पुरती माणसे का घेतात, याचे एक मोठे कारण म्हणजे आवृत्त्यांच्या संपणाऱ्या मुदती. काम मोठे असते, तारीख ठरलेली असते आणि ते संपल्यावर तेवढ्या माणसांची गरज उरत नाही. भाषा निवडताना तिच्याभोवती अशी कोणती मुदत आहे, हे अवश्य पाहावे.

सॅपचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. जुन्या ईसीसी प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७च्या अखेरीस थांबणार असून, जादा शुल्क भरल्यास ती २०३०च्या अखेरपर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यामुळे २०१५मध्ये आलेल्या एस-फोर हाना या प्रणालीकडे जाण्याची कामे जगभर चालू आहेत आणि प्रत्येक कंपनीने वीस वर्षांत लिहून ठेवलेला अबापमधला स्वतःचा कोड तपासावा लागत आहे. हे काम कसे असते, याची एक झलक देतो. जुन्या प्रणालीत मालाच्या क्रमांकाला १८ अक्षरांची जागा होती, नव्यात ती ४० आहे. कोणीतरी २००६मध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये १८ अक्षरांची जागा हाताने आखून दिली असेल, तर लांब क्रमांक तिथे कापला जातो आणि पुढचा अहवाल निमूटपणे चुकतो. तसेच जुना डेटाबेस ओळी बहुधा विशिष्ट क्रमाने देत असे आणि प्रोग्रामरने त्यावर विसंबून क्रमाची आज्ञाच लिहिलेली नसे. नव्या प्रणालीचा हाना हा डेटाबेस तो क्रम पाळेल अशी हमी नाही. अशा जागा हुडकणाऱ्याला भाषा यावी लागतेच, पण खरेदी, साठा, बिलिंग या व्यवहारांचे ज्ञानही लागते. म्हणून लेखा विभागात किंवा कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाने अबाप शिकणे ही माझ्या मते अत्यंत शहाणपणाची निवड आहे, तर ज्याने सॅप कधी पाहिलेच नाही त्याने केवळ २०२७ ही तारीख पाहून उडी घेणे धोक्याचे आहे. सरावासाठी सॅपच्या विनामूल्य चाचणी-प्रणाली उपलब्ध आहेत. निर्णय घेण्याआधी त्यांत महिनाभर घालवावा.

जावाची स्थिती याहून व्यापक आहे. २०१४मध्ये आलेल्या जावा ८वर असंख्य बँकांच्या प्रणाली वर्षानुवर्षे टिकून राहिल्या. नोव्हेंबर २०२२मध्ये स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कची ३ ही आवृत्ती आली, तिला किमान जावा १७ लागते, आणि तिच्याबरोबर ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेजे ‘जकार्ता’ या नावाखाली गेली. वरवर पाहता हे शोधून बदलण्याचे काम वाटते, परंतु एखादी जुनी लायब्ररी नव्या नावाला तयार नसली की तिच्या जागी दुसरी शोधणे, चाचण्या नव्याने लिहिणे आणि व्यवहार थांबू न देता सर्व्हर बदलणे, अशी साखळी सुरू होते. ज्याने असे एक स्थलांतर पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत केले आहे, त्याची मुलाखत वेगळ्याच पातळीवर होते. सी शार्पमध्येही हाच प्रकार आहे: जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कची वाढ ४.८च्या पुढे जवळजवळ थांबली आहे, आणि नव्या डॉट नेटची दीर्घ मुदतीची आवृत्ती तीन वर्षांनी कालबाह्य होत असल्याने, एकदा नव्या वाटेवर आलेल्या कंपनीला ठराविक काळाने पुन्हा माणसे लागतात.

अँग्युलरजेएस या जावास्क्रिप्टच्या जुन्या फ्रेमवर्कचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला, तरी त्यातली अंतर्गत संकेतस्थळे आजही चालू आहेत आणि ती रिअ‍ॅक्टमध्ये किंवा नव्या अँग्युलरमध्ये नेण्याची कामे अधूनमधून निघतात. जावास्क्रिप्टच्या बाजूने जायचे असेल तर टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) पहिल्यापासूनच शिकावी. मोठ्या क्लायंटकडे साधी जावास्क्रिप्ट आता पुरत नाही.

पुण्याची आणखी एक वाट

पुण्यात राहणाऱ्याने वाहन उद्योगाकडे दुर्लक्ष करू नये. गाड्यांमधील नियंत्रकांसाठी सी भाषा आजही मुख्य आहे. तिच्याबरोबर २००३पासून विकसित होत गेलेली ऑटोसार ही गाडीतल्या सॉफ्टवेअरची प्रमाणित रचना, सी सुरक्षितपणे लिहिण्याचे मिस्रा नियम, आणि सुरक्षिततेचे आयएसओ २६२६२ हे मानक यांची नावे जाहिरातीत हमखास दिसतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल शाखेतून आलेल्या आणि आयटीत जाऊन कंटाळलेल्या अभियंत्यांना ही वाट अधिक जवळची आहे, कारण सर्किट, सेन्सर आणि कॅन बस (गाडीतल्या नियंत्रकांना जोडणारी संदेशवाहिनी) समजून घेण्याची तयारी त्यांच्याकडे आधीच असते. प्रवेशासाठी चाचणीचे काम सोयीचे पडते: कॅनो या चाचणी-साधनातली कॅपल ही छोटी भाषा आणि पायथन एवढ्यावर चाचण्या लिहिता येतात, आणि तिथून सीकडे सरकता येते. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. उपकरणे प्रयोगशाळेत असल्याने घरी बसून काम करण्याची मुभा येथे फार कमी मिळते.

पायथनविषयी सबुरीचा सल्ला

पायथन शिकण्यास सोपी आहे आणि सर्वत्र आहे, हेच तिच्याविषयी सावध राहण्याचे कारण आहे. केवळ पायथन येते म्हणून कंत्राट मिळत नाही. जाहिराती उघडून पाहिल्यास पायथनच्या शेजारी स्पार्क, एअरफ्लो, डेटाब्रिक्स ही डेटाची साधने किंवा एडब्ल्यूएस, अझूर या क्लाउड सेवा यांपैकी काहीतरी असतेच, आणि पैसे त्या शेजाऱ्याचे मिळतात. त्यातही डेटा अभियांत्रिकीची कामे मशीन लर्निंगच्या कामांपेक्षा कंत्राटाला अधिक अनुकूल आहेत: माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे हे काम मोजता येते, त्याची तारीख ठरवता येते आणि ते बाहेरच्या माणसाकडे सोपवता येते. मॉडेल घडवण्याचे काम कंपन्या बहुतेक वेळा स्वतःच्या माणसांकडे ठेवतात.

या सगळ्याच्या आधी एसक्यूएल. तिला कोणी भाषा म्हणून मोजत नाही, पण वरील जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ती असते आणि मुलाखतीत अनेकजण तिथेच अडखळतात. ज्याला विंडो फंक्शन लिहिता येतात, एक्झिक्यूशन प्लॅन (क्वेरी कशी चालेल याचा आराखडा) वाचून क्वेरी का रेंगाळते हे सांगता येते आणि ओरॅकलमधली जुनी पीएल-एसक्यूएल प्रोसिजर समजावून घेता येते, त्याने नव्या भाषेचा विचार करण्यापूर्वीच आपल्या हातात काय आहे, ते नीट पाहावे.

कोबोल या जुन्या भाषेविषयी दरवेळी चर्चा होते. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या राज्यपालांनी बेरोजगार भत्त्याच्या जुन्या प्रणालीसाठी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन केले, तेव्हापासून या भाषेत सोने दडले आहे असा समज पसरला. मागणी खोटी नाही. पण ती मेनफ्रेमवर (जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकांवर) वर्षे घालवलेल्यांना आहे, ज्यांना जेसीएल, सीआयसीएस आणि डीबीटू या तिथल्या साधनांचीही ओळख आहे. घरी पुस्तक वाचून तिथे प्रवेश मिळणे कठीण. गो ही भाषा क्लाउडच्या मागच्या बाजूचे काम करणाऱ्यांनी दुसरी भाषा म्हणून घ्यावी. रस्ट आवडत असेल तर आनंदासाठी जरूर शिकावी. कोटलिन अँड्रॉइडवर काम करणाऱ्याला टाळता येत नाही, इतरांना तिची निकड नाही.

रेटबरोबर रिकामे महिने मोजा

दोन भाषांमध्ये निवड करताना लोक महिन्याचा रेट पाहतात आणि तिथेच फसतात. समजा एका दुर्मीळ कौशल्याला महिना दोन लाख मिळतात, पण वर्षात सातच महिने काम लागते. वर्षाचे झाले चौदा लाख. दुसऱ्या, अधिक रुळलेल्या कौशल्याला दीड लाख मिळतात, पण अकरा महिने काम असते. ते झाले साडेसोळा लाख. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. त्यातून भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी, कुटुंबाचा आरोग्य विमा या नोकरीतल्या गोष्टी वजा कराव्यात, आणि व्हेंडर बिलाचे पैसे तीस दिवसांनी देतो की साठ, हेही विचारून घ्यावे. स्वतःच्या नावाने बिल देणार असाल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणीची वीस लाखांची मर्यादा ध्यानात ठेवावी. घराचा हप्ता चालू असलेल्याने रुळलेली भाषा निवडण्यात कमीपणा मानू नये.

शेजारची भाषा घ्या, आणि काम दाखवा

शिकण्याचा अवधी तीन ते चार महिने धरला, तर त्या काळात पूर्णपणे अनोळखी प्रदेशात पाय रोवता येत नाही. शेजारच्या घरात मात्र जाता येते. जावा येणाऱ्याला कोटलिन किंवा स्पार्क, सी शार्प येणाऱ्याला टाइपस्क्रिप्ट व अझूर, पीएल-एसक्यूएल येणाऱ्याला पायस्पार्क (पायथनमधून स्पार्क), हाताने टेस्टिंग करणाऱ्याला पायथन आणि प्लेराइट हे स्वयंचलित चाचणीचे साधन, आणि सॅपमध्ये फंक्शनल (व्यवहारांच्या मांडणीचे) काम केलेल्याला अबाप. या प्रत्येक जोडीत जुना अनुभव वाया जात नाही, तो नव्या कामाची किंमत वाढवतो.

अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राला व्हेंडर फारसे विचारत नाही; क्लाउडची आणि सॅपची प्रमाणपत्रे हा काहीसा अपवाद. त्याऐवजी जाहिरातीतल्या कामाची छोटी प्रतिकृती उभी करावी. स्प्रिंग बूट २मध्ये लिहिलेला एखादा मुक्त स्रोत प्रकल्प घेऊन तो ३वर न्यावा, प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र कमिट (बदलाची नोंद) ठेवावा, काय मोडले आणि कसे सावरले याची दोन पानी नोंद सोबत जोडावी. क्लायंट राउंडमध्ये, म्हणजे क्लायंटने घेतलेल्या मुलाखतीत, या नोंदीवर बोलण्यास अर्धा तास सहज मिळतो. नोकरीत असतानाच बाहेरची लहान कामे घेऊन सराव करण्याचा विचार असेल, तर आधी नेमणूकपत्र वाचावे, कारण दुसरे काम करण्यास मनाई करणारे कलम त्यात बहुधा असते.

व्हेंडरचा रिक्रूटर कधी कधी सुचवतो की नव्या भाषेतला चार महिन्यांचा सराव रेझ्युमेवर ‘तीन वर्षे’ असा लिहावा, म्हणजे चाळणीतून नाव पुढे जाईल. ते लिहू नये. पार्श्वभूमी तपासताना भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा पाहिल्या जातात, आधीच्या कंपनीला कामाचे स्वरूप विचारले जाते, आणि खोटे सापडले तर चालू कंत्राट मध्येच तुटते. त्याऐवजी ‘जावा, सात वर्षे, त्यातील शेवटचे चार महिने आवृत्ती १७ व स्प्रिंग बूट ३, स्वतंत्र सराव, कोड उपलब्ध’ असे जसेच्या तसे लिहावे, आणि हीच ओळ मुलाखतीत कोणत्या शब्दांत सांगायची, त्याची तयारी आधी करून ठेवावी.